ताशी आठ मैल, उत्तरेकडे

दर दोन मिनिटांच्या शेवटी ती एक शिटी द्यायची. शिटी बारीक, सेकंदभरही न टिकणारी. ती वाजण्याआधी यंत्रावरची सुई दीड घर खाली यायची आणि वाजून झाली की परत वर जायची. बाकीच्या उपग्रहांच्या बाबतीत सुई अशी झुकत नसे. हेस्टर बीलनं हे पहिल्यांदा टिपलं एकोणऐंशी साली. त्यानंतर सतरा वर्षं ती ते टिपत आली होती: तारीख, वेळ, दीड घर. अलीकडे दोन घरं. बॅटरी थकली असावी, असं तिनं एकदा वरच्या कार्यालयाला लिहून कळवलं होतं. त्यांनी आभार मानले होते.

केंद्रात सगळे तिला म्हातारी म्हणत. म्हणजे उपग्रहाला, हेस्टरला तोंडावर तरी कुणी म्हणत नसे. म्हातारीचं वजन साठ किलो, अंग एखाद्या पिंपाएवढं, त्याला पवनचक्कीसारखी चार पाती. पाठीतून निघालेली तीस मीटर लांब, बारीक दांडी आणि दांडीच्या टोकाला दीड किलोचं वजन. त्या वजनामुळे ती आकाशात गरगरत नसे, तोंड कायम पृथ्वीकडे ठेवून असे. अकराशे किलोमीटर उंचीवरून, एका ध्रुवाकडून दुसऱ्या ध्रुवाकडे, एकशे सात मिनिटांत एक फेरी. तिची वाट जागची हलत नसे. पृथ्वीच तिच्याखाली फिरायची, म्हणून प्रत्येक फेरीला ती सत्तावीस अंश पश्चिमेला सरकलेली दिसे. पाच वर्षं टिकेल या हिशेबानं तिला त्र्याहत्तर साली सोडलं होतं. आता शहाण्णव संपत आलं होतं.

अमेरिकेतल्या मेनच्या किनाऱ्यावरच्या त्या टेकाडावर, बुटक्या इमारतीत, एके काळी चौदा माणसं कामाला होती. आता दोन उरली होती. हेस्टर, वय एकसष्ट, आणि मर्टन, ज्याच्या मते हेस्टरनं पंचविसाव्या वर्षीच एकसष्टी गाठली होती.

“वरून फोन आला होता,” मर्टन म्हणाला. शुक्रवार होता आणि तो खिडकीतल्या बर्फाकडे बघत डबा खात होता. “एकतीस तारखेनंतर म्हातारीला तिच्या वाटेचा निरोप चढवायचा नाही.”

“माहीत आहे.”

“आणि जुने कागद सगळे फाडून टाकायचे. तो मुलगा म्हणाला, यंत्र पाठवतोय, दिवसाला दोनशे किलो कागद फाडतं. मी म्हटलं, आमच्याकडे हेस्टर आहे, ती एक कागद फाडायला आठवडा घेते.”

“काय म्हणाला?”

“हसला नाही. हल्ली विनोद करणाऱ्यांची भरतीच बंद केलीय त्यांनी.” त्यानं डब्याचं झाकण लावलं. “नवे उपग्रह वीस हजार किलोमीटरवर आहेत म्हणे. एका वेळी चार दिसतात. वाट बघायला नको, काही नको. बटण दाबलं की जागा.”

“आणि ही?”

“ही फिरत राहील. एवढ्या उंचीवरून खाली यायला हजार वर्षं लागतील. तोंड खाली घालून, गप्प.” तो उठला. “तुझ्यासारखी. चल, येतो मी. खोकं मोटारीत ठेवायला मदत हवीय का?”

हेस्टरनं वर पाहिलं. कोपऱ्यातल्या खोक्यावर तिच्याच अक्षरात ‘मार्च ८३’ लिहिलेलं होतं. ते तिनं सकाळीच बाजूला काढून ठेवलं होतं. मर्टननं ते पाहिलं होतं आणि दिवसभर त्यावर एक शब्द काढला नव्हता.

“हवीय,” ती म्हणाली.

*

ओरिन तिच्याहून चौदा वर्षांनी लहान होता. आई त्याच्या बाळंतपणानंतर फार दिवस जगली नाही, वडील बोटीवर. त्याला हेस्टरनंच वाढवलं. भोळा, हसरा, आणि विसराळू इतका की लग्नाच्या दिवशी अंगठी शेंगदाण्याच्या बरणीत सापडली. मोठा झाल्यावर त्यानं शिंपले खरवडून काढणारी बोट घेतली, ‘प्रुडन्स’ नावाची, आणि ब्याऐंशीच्या शरदात तिच्यावर बसवायला उपग्रहाचं यंत्र आणलं. गावातलं पहिलंच. बोटीवर नेण्याआधी ते हेस्टरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आणून ठेवलं, आणि ती त्याला शिकवायला बसली. बायकोही होती, लोर्ना. ती बटाटे सोलत ऐकत होती.

“आगगाडी जवळून जाताना शिटीचा सूर कसा उतरतो?” हेस्टर म्हणाली. “तसाच म्हातारीचाही उतरतो. किती भरभर उतरला, त्यावरून तू तिच्या वाटेपासून किती लांब आहेस ते यंत्र काढतं. पण एक लक्षात ठेव. ती फक्त स्वतः कुठं आहे एवढंच सांगते. तू कुठं आहेस ते तिला ठाऊक नाही.”

“म्हणजे तुझ्यासारखीच. आपलं सांगायचं, दुसऱ्याचं ऐकून घ्यायचं नाही.”

लोर्ना हसली. हेस्टर हसली नाही.

“ती डोक्यावरून जात असते तेव्हा तूही हलत असतोस. तू किती वेगानं, कुठल्या दिशेला चालला आहेस, ते यंत्रात तूच टाकायचं. इथं. वेग बदललास की आकडा बदलायचा. थांबलास तर शून्य टाकायचं.”

“हातमोजे घालून ही बटणं दाबता येतात का?”

“हातमोजे काढायचे.”

“आणि विसरलो तर?”

“एरवी पाव मैल, अर्धा मैल चूक येईल. पण ती नेमकी डोक्यावरून गेली तर पूर्व-पश्चिम ओळखायला यंत्राला काही आधारच राहत नाही. मग आठ-नऊ मैलांची चूकही येते. अशी जागा आम्ही केंद्रात सरळ टाकून देतो.” आणि मग, त्याच्याकडे पाहत: “तू विसरशील.”

“विसरीन बहुतेक,” ओरिन मोकळेपणानं म्हणाला आणि बशीतला बटाट्याचा काप उचलून तोंडात टाकला.

*

त्र्याऐंशीच्या मार्चमधला तो गुरुवार. वारा पूर्वेकडून, बर्फाचा भुगा, दुपारचे दोन वाजत आलेले. केंद्रात बोटींचं बोलणं नुसतं ऐकण्याचा एक रेडिओ कायम चालू असे. त्यावर ओरिनचा आवाज आला. शांत होता. एंजिन एक वाजता बंद पडलं आहे, पाणी आत येतंय, चौघं जण आहोत. मग त्यानं जागा वाचून दाखवली, अक्षांश आणि रेखांश, आणि म्हणाला, उपग्रहाची आहे, एक बावीसची.

हेस्टरच्या समोरच त्या दिवसाचं वेळापत्रक होतं. एक बावीसची म्हणजे म्हातारी. आणि ओरिननं सांगितलेल्या जागेवरून पाहिलं तर ती क्षितिजापासून ब्याऐंशी अंशांवरून गेली होती. म्हणजे जवळजवळ डोक्यावरून. नवशिक्या मुलालाही ठाऊक असतं की अशी जागा धरायची नसते.

मग तिनं हिशेब केला. चार मिनिटं लागली. ओरिन घरी यायला निघाला होता, ताशी आठ मैल, उत्तरेकडे. एंजिन बंद पडलं तेव्हा यंत्रात तोच आकडा असणार. एंजिन बुडतंय, पाणी चढतंय, आणि अशा वेळी हा हातमोजे काढून शून्य टाकेल? हा? तिला क्षणभरही शंका आली नाही. आठाचा आकडा तसाच राहिला असेल तर खरी जागा त्यानं सांगितलेल्या जागेच्या नऊ मैल पूर्वेला येत होती.

तिनं शोधपथकाला फोन लावला. आपण कोण, कुठं काम करतो, ते सांगितलं. तिकडचा अधिकारी काळजीपूर्वक ऐकणारा होता. त्यानं दोनदा विचारलं, तुमची खात्री आहे? तिनं दोनदा सांगितलं, आहे. सगळं समजावायला सतरा मिनिटं लागली. शोध नऊ मैल पूर्वेला हलवला गेला. त्या दुपारी आणि दुसऱ्या दिवशी उजेड असेपर्यंत विमानं आणि बोटी तिथंच घिरट्या घालत राहिल्या.

तिसऱ्या दिवशी तराफा सापडला, खूप पश्चिमेला, पालथा. आत कुणी नव्हतं. बिस्किटांचा एक डबा उघडलेला होता. इशाऱ्याचे सहाही बाण उडवलेले होते.

म्हणजे ते काही काळ तरी तराफ्यात होते. आणि सहा वेळा त्यांना वाटलं होतं की कुणीतरी जवळ आहे.

वाऱ्यानं तराफा किती वाहत गेला असेल, याचा हिशेब कुणालाच नेमका करता येईना. लाटा, वारा, आतलं वजन, सगळ्याच गोष्टी अंदाजाच्या. तो पूर्वेकडच्या जागेवरून निघून फार वेगानं वाहत आला असेल, असंही होऊ शकत होतं. किंवा ओरिननं सांगितलेल्या जागेवरूनच निघाला असेल. त्या फटीत हेस्टर तेरा वर्षं राहिली. फेरीचे आकडे तिच्याकडे होते. वाऱ्याचे होते. एकच आकडा नव्हता, आणि तो ‘प्रुडन्स’बरोबर शंभर वाव खोल पाण्याखाली होता. तो सोडून ती दर हिवाळ्यात सगळा हिशेब नव्यानं मांडत असे. आठ धरून एकदा, सहा धरून एकदा, चार, दोन. शून्य धरून तिनं तो कधी मांडला नव्हता.

शोध आपण हलवला हे तिनं गावात कुणाला सांगितलं नाही. शोधपथकातला तो अधिकारी पुढच्याच वर्षी बदलून गेला. आणि तराफा सापडला त्या संध्याकाळी तिनं लोर्नाला एवढंच म्हटलं होतं, “या घरात त्या दिवसाबद्दल बोलायचं नाही. मला जमणार नाही ते.” लोर्नानं ते पाळलं.

*

गावाची एक रीत होती. वर्षाच्या शेवटच्या रविवारी दुपारी दोन वाजता चर्चमध्ये समुद्रात गेलेल्यांची नावं वाचायची, अठराशे एक्केचाळीसपासूनची सगळी. यादी संपली की पाद्री पुस्तक उघडं ठेवून थांबत. ज्याचं माणूस गेलं असेल त्यानं तेव्हा उभं राहून नाव घ्यायचं, आणि ते रक्तातल्या थोरल्यानं घ्यायचं. मग धक्क्यावरच्या दगडात ते कोरलं जायचं. घेतलं नाही तोवर ते माणूस परत यायचं आहे असं धरून चालायचं. बायको दुसरं लग्न करत नसे. कायद्यानं लोर्ना केव्हाच मोकळी झाली होती. पण त्या गावात कायद्यानं फारसं काही होत नसे.

‘प्रुडन्स’वरच्या बाकी तिघांची नावं त्याच वर्षी घेतली गेली. ओरिनचं नाही. पाद्री थांबत, हेस्टर समोरच्या बाकाच्या पाठीकडे बघत बसे, पाद्री पुस्तक मिटत. गावाला वाटे, बहिणीची माया. आशा सुटत नाही बिचारीची.

पण आशा तिला कधीच नव्हती. मार्चमधलं पाणी किती अंशांचं असतं ते तिला पक्कं ठाऊक होतं.

*

शनिवारी दुपारी चार वाजता लोर्ना आली. दर शनिवारी यायची. हातात मातीचं भांडं, त्यात काकवी आणि खारवलेलं डुकराचं मांस घालून सकाळपासून भट्टीत ठेवलेले घेवडे. काखेत डब्यात वाफवलेला काळा पाव. त्रेचाळीस वर्षांची झाली होती. पायानंच दार लोटत ती आत आली.

“टेबल रिकामं कर, हात भाजतायत माझे. हे काय, आज कागदांची जत्रा?”

हेस्टरनं कागद बाजूला सरकवले. खोकं खुर्चीवर होतं. लोर्नानं त्यावरची तारीख वाचली. भांडं ठेवलं, कोट काढला, चुलीपाशी हात शेकत उभी राहिली.

“क्लेटनला ऱ्होड आयलंडच्या गोदीत काम मिळतंय,” ती पाठमोरीच म्हणाली. “एप्रिलपासून. चांगलं काम आहे. लाकडी बोटी.”

“हं.”

“सहा वर्षं थांबलाय तो, हेस्टर. एकदाही मला म्हणाला नाही की तुझ्या नणंदेला विचार. मीच म्हणते आता. मला पन्नाशीत नवरी व्हायचं नाही. तो पोशाख चढणार नाही मला.”

“तू स्वतः उभी राहू शकतेस. पाद्रीबुवांनी मागेच सांगितलंय की चालेल.”

“चालेल. गावालाही चालेल. मला चालणार नाही.” ती वळली. “त्याला तू वाढवलंस. तुझ्या तोंडून निघाल्याशिवाय मी त्याला दगडावर घालणार नाही. पण उद्या तू गप्प बसलीस ना, तर मी क्लेटनला नाही म्हणणार आहे. पुढच्या वर्षी बघू असं नाही, कायमचं नाही. एवढंच सांगायचं होतं. आता जेवू या, घेवडे गार होतायत.”

हेस्टरनं ताटल्या काढल्या. लोर्ना पावाच्या डब्याचं बूड ठोकून पाव बाहेर काढू लागली. ठोकता ठोकता तिची नजर कागदांवर गेली. रकान्यांमागून रकाने, त्याच त्याच आकड्यांचे, वेगवेगळ्या वर्षांच्या शाईत.

“हे त्या दिवसाचं आहे?”

तेरा वर्षांत पहिल्यांदा त्या घरात ते दोन शब्द उच्चारले गेले. हेस्टरला वाटलं आपण उठून जाऊ. पण ती उठली नाही.

“हो.”

“दरवर्षी हेच करत असतेस हिवाळ्यात? मला वाटायचं केंद्राचं काम आणतेस.”

“एक आकडा नाही माझ्याकडे,” हेस्टर म्हणाली. आपला आवाज तिला नेहमीसारखाच वाटला. “त्याशिवाय काही सुटत नाही. ती वरून गेली तेव्हा त्याच्या यंत्रात वेग किती होता तो. आठ की आणखी काही.”

लोर्ना पाव कापत होती. सुरी न थांबवता म्हणाली, “शून्य.”

चुलीत लाकूड सरकलं.

“काय म्हणालीस?”

“शून्य टाकलं होतं त्यानं. बोलला ना तो रेडिओवर. आमच्या दोघांच्या त्या वेगळ्या वाहिनीवर, सगळ्यांना जागा सांगून झाल्यावर. म्हणाला, लोर्ना, ऐक, हेस्टरला फोन कर आणि सांग की हातमोजे काढून शून्य टाकलंय. ती डोक्यावरूनच गेली, पण शून्य टाकलंय, म्हणून सांग. एवढंच. मग आवाज गेला.” तिनं सुरी खाली ठेवली. “मी केला फोन. केंद्रात लागेना, सारखा गुंतलेला. तीनदा केला. चौथ्यांदा लागला तेव्हा मर्टन म्हणाला, ती बाहेर उभी आहे, तिला आत्ता बोलावू नकोस. आणि नंतर तूच म्हणालीस, बोलायचं नाही.”

हेस्टरनं ताटली टेबलावर ठेवली आणि सगळ्यांत वरचा कागद जवळ ओढला.

“मला वाटलं, तुला बरं वाटावं म्हणून सांगत असेल. तू शिकवलेलं विसरला नाही, एवढंच. मला वाटायचं कधीतरी सांगीन, तुला बरं वाटेल.” लोर्ना थांबली. हेस्टरच्या चेहऱ्यात तिला जे दिसलं त्यानं ती टेबलापासून एक पाऊल मागं सरली. “हेस्टर. महत्त्वाचं होतं का ते?”

“हो.”

“इतका वेळ फोन कुणाशी चालला होता तुझा?”

“शोधपथकाशी.”

“काय सांगत होतीस त्यांना?”

हेस्टरच्या ओठांशी सगळं आलं होतं. एक आकडा, एक दिशा, एक वाक्य. ती कागदाकडे बघत राहिली. लोर्नानं वाट पाहिली. बाहेर कुणाच्यातरी फावड्याचा आवाज येत होता, फरशीवरून बर्फ ओढल्याचा. मग लोर्नानं कोट अंगावर चढवला, बटणं न लावता दार उघडलं आणि गेली. भांडं तिथंच राहिलं.

तिचं पाऊल पायऱ्यांवरून उतरल्यावर हेस्टरनं नवा कागद घेतला. पेन्सिलीला टोक केलं. वेगाच्या रकान्यात शून्य लिहिलं आणि हिशेब मांडला. तो किती सोपा होता याचं तिला नवल वाटलं. अर्ध्याहून अधिक पदं शून्यानं गुणली जाऊन नाहीशीच झाली. म्हातारी डोक्यावरून गेली होती तरी जागा नीट येत होती, कारण वेगात चूकच नव्हती, डोक्यावरच्या फेरीनं वाढवायला काही उरलंच नव्हतं. उत्तर ओरिननं सांगितलेल्या जागेपासून अर्ध्या मैलात आलं. तिथून वाऱ्याचे आकडे लावले. तराफा सापडला होता, तिथंच येऊन ते टेकले.

तिनं पेन्सिल ठेवली. ओरिनला ती ओळखत होती, त्याच्या लहानपणापासून. तो विसरेल हे तिला इतकं ठाऊक होतं की तिनं चार मिनिटांच्या हिशेबात ते मोजमाप म्हणून घातलं होतं. आणि त्यानं बर्फात हातमोजे काढले होते. आणि तो विसरला असं तिनं धरू नये म्हणून, रेडिओ बंद पडायच्या आधी, निरोपही धाडला होता.

*

रविवारी दोन वाजता चर्च भरलेलं होतं. ऊन पडलं होतं, थंड आणि पांढरं, आणि उंच खिडक्यांतून ते बाकांवर आडवं आलं होतं. लोर्ना दरवर्षी हेस्टरच्या शेजारी बसायची. आज ती पलीकडच्या रांगेत क्लेटनजवळ बसली होती. तिनं वळून पाहिलं नाही. तिचे डोळे सुजलेले होते. रात्रभरात तिनं काय जुळवलं असेल आणि काय नसेल ते हेस्टरला कळेना.

पहिल्या बाकावर थर्झा कीन होती, चौऱ्याहत्तर वर्षांची, नातवाच्या दंडाला धरून आलेली. तिचा मुलगा लाइल ‘प्रुडन्स’वर होता तेव्हा एकोणीस वर्षांचा होता.

पाद्री टिब्बेट्स वाचू लागले. त्यांचं वाचन संथ होतं. नाव, वर्ष, बोट, आणि मग एक श्वास. अठराशे एक्केचाळीस. अठराशे त्रेपन्न, एकाच घरातले तिघं. हेस्टरच्या मांडीवर पर्स होती आणि पर्समध्ये घडी घातलेला एक कागद. सकाळी ती केंद्रात जाऊन आली होती. दहा वाजून बारा मिनिटांची फेरी, पश्चिमेकडून, एकतीस अंश, चांगली फेरी. तिनं दर दोन मिनिटांची शिटी ऐकली. सुई दोन घरं खाली आली, परत वर गेली. वहीत तसं लिहिलं. मंगळवारी निरोप थांबेल. मग हिला स्वतः कुठं आहोत तेही सांगता येणार नाही, असा एक विचार तिच्या मनात आला. पण तो वहीत लिहिण्यासारखा नव्हता.

एकोणीसशे त्र्याऐंशी. लाइल कीन, ‘प्रुडन्स’. थर्झानं मान हलवली, कुणी हाक मारल्यासारखी. मग बाकीचे दोघं. मग पुढची वर्षं, थोडीच होती, आणि यादी संपली.

पाद्रींनी पुस्तक उघडं ठेवलं आणि थांबले. ते मनातल्या मनात वीसपर्यंत मोजतात हे हेस्टरला माहीत होतं, कारण तीही मोजत असे. कुणीतरी खोकलं. लोकांची नजर सवयीनं तिच्याकडे वळली आणि सवयीनंच दुसरीकडे गेली. तिनं अकरापर्यंत मोजलं. मग समोरच्या बाकाला धरून ती उभी राहिली.

“ओरिन थॅचर बील,” ती म्हणाली. “एकोणीसशे त्र्याऐंशी. ‘प्रुडन्स’.”

पलीकडून एक हुंदका दाबल्याचा आवाज आला. पाद्रींनी लेखणी उचलली, लिहिलं, तिच्याकडे पाहून हळूच मान लववली आणि पुस्तक मिटायला हात पुढं केला. लोक कोट सावरू लागले. बाकं करकरली.

“थांबा,” हेस्टर म्हणाली. “अजून उठू नका. थर्झा, तूसुद्धा बस.”

करकर थांबली. लोर्नानं पहिल्यांदा तिच्याकडे वळून पाहिलं.

“ओरिननं त्या दिवशी जी जागा सांगितली होती ती बरोबर होती,” हेस्टर म्हणाली. “शोध तिथून नऊ मैल पूर्वेला मी हलवायला लावला. मी ते तुम्हाला आज सांगायचं ठरवलं आहे, सगळं, पहिल्यापासून, आणि कुणाला जे विचारायचं असेल त्याचं उत्तर दिल्याशिवाय मी इथून जाणार नाही.”